स्पाइस (परिपथ-अनुकरण आज्ञावली)

स्पाइस ही इलेक्ट्रॉनिक परिपथाचे वर्तन तो प्रत्यक्ष जोडण्यापूर्वीच गणिताने काढून दाखवणारी संगणक आज्ञावली आहे. परिपथात कोणकोणते घटक आहेत, त्यांची मूल्ये किती आहेत आणि त्यांची टोके एकमेकांना कोठे जोडली आहेत, एवढी माहिती दिली की परिपथाच्या प्रत्येक बिंदूचा विभव आणि त्यातून वाहणारी विद्युतधारा ही आज्ञावली सांगते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संकुलात १९६९-७० या वर्षी एका वर्गाचा अभ्यासप्रकल्प म्हणून तिचा पाया घातला गेला. 'सिम्युलेशन प्रोग्रॅम विथ इंटिग्रेटेड सर्किट एम्फसिस' या लांबलचक नावाची आद्याक्षरे जुळवून 'स्पाइस' हा शब्द झाला आहे. इंग्रजीत त्याचा अर्थ मसाला असा असला, तरी त्याचा स्वयंपाकघराशी संबंध नाही. एकात्मिक परिपथांवर विशेष भर देणारी अनुकरण-आज्ञावली, असा त्या नावाचा आशय आहे. आज परिपथ-अनुकरणाची जी साधने महाविद्यालयांत आणि उद्योगांत वापरली जातात, त्यांतील बहुतेक स्पाइसची वंशज आहेत किंवा तिचीच भाषा बोलतात.

पार्श्वभूमी

संगणक हाताशी नव्हता तेव्हा ध्वनिवर्धकाचा किंवा रेडिओचा आराखडा करणारा अभियंता प्रथम कागदावर ढोबळ हिशेब मांडी. मग खरे घटक एका फळीवर बसवून, तारांनी जोडून, मापकयंत्राने विभवांतरे तपासी आणि उत्तर मनासारखे येईपर्यंत रेझिस्टर बदलत राही. हौशी मंडळी त्यासाठी पाव कापण्याची लाकडी फळी वापरत. प्रयोगशाळेतील 'ब्रेडबोर्ड' या शब्दाचा उगम तोच.

एकात्मिक परिपथ आले आणि ही पद्धत अपुरी पडली. नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर अनेक ट्रान्झिस्टर एकत्र घडवले जातात आणि एकदा घडल्यावर त्यांतील एकही घटक काढून बदलता येत नाही. तोच परिपथ सुट्या घटकांनी फळीवर जोडून पाहावा, तर फळीवरील तारांची धारिता सिलिकॉनमधील ट्रान्झिस्टरच्या धारितेपेक्षा कितीतरी मोठी असते. शिवाय एकाच तुकड्यावर शेजारी घडलेले दोन ट्रान्झिस्टर जितके एकसारखे असतात, तितके दुकानातून आणलेले दोन नसतात. म्हणजे फळीवर केलेला प्रयोग वेगळ्याच परिपथाचा ठरे. आराखड्यात चूक निघाल्यास नवे मुखवटे तयार करून पुन्हा सारी निर्मिती करावी लागे, आणि त्यात वेळ व पैसा दोन्ही जात. अशा वेळी हाताशी उरणारे साधन एकच होते, ते म्हणजे गणित.

जन्म आणि प्रसार

बर्कली येथे रोनाल्ड रोरर हे परिपथ-अनुकरणाचा विषय शिकवत होते. व्याख्याने देण्याऐवजी त्यांनी साऱ्या वर्गाला मिळून एक अनुकरण-आज्ञावली लिहायला लावले. विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक डोनाल्ड पेडरसन यांच्या पसंतीस ती उतरली की वर्ग उत्तीर्ण, असा करार होता. या विद्यार्थ्यांपैकी लॉरेन्स नेगल यांनी ते काम पुढे नेले. त्यातून सिद्ध झालेल्या आज्ञावलीचे नाव 'कॅन्सर' असे होते. अरैखिक परिपथांचे संगणकीय विश्लेषण, किरणोत्सार वगळून, अशा अर्थाच्या शब्दांची ती आद्याक्षरे. 'किरणोत्सार वगळून' हे शेपूट मुद्दाम जोडलेले होते. त्या काळातील अनेक अनुकरण-आज्ञावल्या अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशावर तयार होत आणि अणुस्फोटातील किरणोत्साराचा परिपथावर काय परिणाम होईल हे तपासण्याची सोय त्यांत असावी लागे. व्हिएतनाम युद्धाच्या विरोधाने धुमसणाऱ्या बर्कलीत या नावाचा रोख कोणालाही समजावून सांगावा लागत नसे.

रोरर विद्यापीठ सोडून गेल्यावर नेगल यांचे मार्गदर्शन पेडरसन यांच्याकडे आले. विद्यापीठात एकात्मिक परिपथ घडवण्याची सोय उभारण्याचे धाडस पेडरसन यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभीच केले होते. आज्ञावलीच्या बाबतीत त्यांची अट एकच होती: ती कोणालाही निर्बंधाविना देता आली पाहिजे. कॅन्सरच्या वापरावर काही बंधने होती. म्हणून ती पुन्हा लिहिली गेली आणि १९७३ मध्ये कॅनडातील वॉटर्लू येथील परिसंवादात 'स्पाइस' या नावाने जगापुढे मांडली गेली. १९७५ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. तीत समीकरणे मांडण्याची अधिक व्यापक पद्धत होती आणि काळाची पावले गरजेप्रमाणे लहानमोठी करण्याची सोयही होती. या आवृत्तीपासून स्पाइसचा खरा प्रसार सुरू झाला.

मागेल त्याला चुंबकीय फितीवर तिची प्रत मिळे. मूळ लिखाणही सोबत असे. मोबदला काय, तर फितीचा आणि नकलेचा किरकोळ खर्च. सापडलेले दोष व केलेल्या सुधारणा विद्यापीठाकडे परत कळवाव्यात, एवढी अपेक्षा असे. बर्कलीतून पदवी घेऊन बाहेर पडणारे विद्यार्थी स्पाइस आपल्याबरोबर कंपन्यांत घेऊन गेले, इतर विद्यापीठांनी ती शिकवण्यासाठी घेतली आणि थोड्याच वर्षांत ती या क्षेत्राची बोलभाषा झाली. त्याच काळात इतरही अनुकरण-आज्ञावल्या होत्या. त्यांतील काही गुणांनी कमी नव्हत्या. पण कुलूपबंद ज्ञानापेक्षा वाटलेले ज्ञान दूर गेले, असे हा इतिहास पाहताना म्हणावे लागते.

पहिल्या दोन आवृत्त्या फोरट्रान भाषेत होत्या. त्या मालिकेतील अखेरची '२जी.६' ही आवृत्ती १९८३ ची. त्यानंतर थॉमस क्वार्ल्स यांनी रिचर्ड न्यूटन यांच्या मार्गदर्शनाखाली तिसरी आवृत्ती सी भाषेत लिहिली. ती १९८९ मध्ये बाहेर आली. (हे न्यूटन विसाव्या शतकातील. ज्यांच्या गणिती पद्धतीवर स्पाइसचा डोलारा उभा आहे, ते सतराव्या शतकातील न्यूटन वेगळे.) पेडरसन यांना स्पाइसच्या निर्मितीसाठी १९९८ मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संस्थेचे सर्वोच्च पदक मिळाले. २०११ मध्ये त्याच संस्थेने स्पाइसची नोंद अभियांत्रिकीतील मैलाचा दगड म्हणून केली.

परिपथाचे वर्णन

स्पाइसला चित्र कळत नाही. तिला परिपथाची शब्दबद्ध यादी द्यावी लागते आणि त्या यादीला नेटलिस्ट म्हणतात. तारेने एकमेकांशी जोडलेली सर्व टोके मिळून एक 'नोड' होतो आणि प्रत्येक नोडला क्रमांक किंवा नाव दिले जाते. शून्य हा क्रमांक जमिनीसाठी, म्हणजे ज्याच्या सापेक्ष बाकी सारे विभव मोजायचे त्या बिंदूसाठी, राखून ठेवलेला असतो. ५ व्होल्टचा स्रोत, १ किलोओहमचा रेझिस्टर आणि एक डायोड ओळीने जोडलेले असतील, तर यादी पुढीलप्रमाणे होईल. प्रत्यक्षात ही अक्षरे रोमन लिपीत लिहावी लागतात.

डायोडचा साधा परिपथ
व्ही१ १ ० ५
आर१ १ २ १के
डी१ २ ० नमुना
.मॉडेल नमुना डी
.ओपी
.एंड

ओळीचे पहिले अक्षर घटकाची जात सांगते: व्ही म्हणजे स्रोत, आर म्हणजे रेझिस्टर, सी म्हणजे कपॅसिटर, डी म्हणजे डायोड, क्यू म्हणजे ट्रान्झिस्टर. त्यापुढे तो घटक कोणत्या नोडांमध्ये आहे ते क्रमांक आणि शेवटी मूल्य. टिंबाने सुरू होणाऱ्या ओळी म्हणजे आज्ञा होत. पूर्वी यातील प्रत्येक ओळ छिद्रे पाडलेल्या एका स्वतंत्र कार्डावर असे आणि सारी चळत यंत्राला भरवली जाई. ती कार्डे इतिहासजमा झाली, पण ट्रान्झिस्टरच्या गुणधर्मांच्या ओळीला अभियंते अजूनही 'मॉडेल कार्ड' म्हणतात.

उत्तर कसे निघते

स्पाइसच्या मुळाशी असलेला नियम शालेय विज्ञानातला आहे. किर्चहॉफच्या नियमानुसार कोणत्याही नोडमध्ये येणाऱ्या आणि तेथून जाणाऱ्या विद्युतधारांची बैजिक बेरीज शून्य असते. प्रत्येक नोडसाठी हा नियम लिहिला, की जितके नोड तितकी समीकरणे मिळतात. परिपथात फक्त रेझिस्टर आणि स्रोत असतील तर ती दहावीच्या बीजगणितातील एकसामयिक रेषीय समीकरणेच असतात. फरक इतकाच, की चले दोन नसून शेकडो किंवा हजारो असतात. एकेक नोड दोनचार घटकांनाच जोडलेला असल्यामुळे या समीकरणांच्या मॅट्रिक्समध्ये बहुतेक जागी शून्ये असतात. ती शून्ये न साठवण्याची आणि त्यांवर वेळ न दवडण्याची युक्ती नसती, तर त्या काळच्या संगणकांवर हे काम झालेच नसते.

खरी अडचण डायोड आणि ट्रान्झिस्टर यांची आहे. त्यांतील विद्युतधारा विभवांतराच्या प्रमाणात वाढत नाही, घातांकी वेगाने वाढते. अशी समीकरणे थेट सुटत नाहीत. म्हणून न्यूटन-रॅफसन पद्धत वापरतात. आधी एक अंदाज करायचा, त्या बिंदूवर वक्राची स्पर्शिका काढायची, वक्राऐवजी ती सरळ रेषाच खरी मानून समीकरण सोडवायचे, मिळालेले उत्तर नवा अंदाज म्हणून घ्यायचे आणि हे पुन्हा पुन्हा करायचे.

वरच्या परिपथातच हे पाहता येईल. डायोडवर ०.७ व्होल्ट असतील असा अंदाज करू. स्पाइसच्या गृहीत नमुन्यातील डायोडमधून अशा वेळी सुमारे ५.६७ मिलिअँपिअर धारा जायला हवी, पण रेझिस्टरमधून तेव्हा ४.३० मिलिअँपिअरच येते. हिशेब जुळत नाही. स्पर्शिकेच्या आधाराने अंदाज सुधारला की ०.६९३८ व्होल्ट मिळतात. आता डायोडची धारा ४.४६ आणि रेझिस्टरची ४.३१, म्हणजे तफावत बरीच आटोक्यात आली. आणखी एका फेरीत ०.६९२९ व्होल्ट मिळतात आणि दोन्हीकडे ४.३१ मिलिअँपिअर येऊन आकडे जुळतात. उत्तर पुरेसे जुळले असे केव्हा मानायचे, याचीही मर्यादा ठरलेली आहे. सांगितले नसेल तर स्पाइस हजारात एक एवढ्या सापेक्ष फरकावर समाधान मानते.

०.७ ऐवजी ५ व्होल्टपासून सुरुवात केली असती तर? घातांकी सूत्राप्रमाणे डायोडची धारा १० च्या ७० व्या घाताइतक्या अँपिअरच्या घरात गेली असती. अशा आकड्याला भौतिक अर्थ नाही आणि त्यावरून काढलेला पुढचा अंदाजही कामाचा नसतो. म्हणून एका फेरीत डायोडवरील विभवांतर किती बदलू द्यायचे यावर स्पाइस लगाम ठेवते. एवढे करूनही काही परिपथ वठणीवर येत नाहीत. तेव्हा स्रोत शून्यापासून हळूहळू वाढवत नेणे, किंवा डायोड-ट्रान्झिस्टरांना आधी समांतर वाहक जोडून ते टप्प्याटप्प्याने काढून घेणे, असे उपाय ती करून पाहते. तेही थकले की 'उत्तर जुळत नाही' असा संदेश येतो. या संदेशाशी झटापट केल्यावाचून स्पाइसचा अभ्यास पुरा होत नाही.

कपॅसिटर आणि इंडक्टर यांमुळे काळाचा प्रश्न येतो. त्यांची समीकरणे विकल समीकरणे असतात. स्पाइस काळाचे छोटे छोटे तुकडे पाडते आणि प्रत्येक तुकड्यापुरता कपॅसिटर म्हणजे एक रेझिस्टर व एक स्रोत असे मानून तोच मघाचा हिशेब पुन्हा करते. यासाठी समलंब नियम वापरण्याची प्रथा आहे, आणि त्याचे कारण एका उदाहरणाने कळते. १ किलोओहमचा रेझिस्टर आणि १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ५ व्होल्टला जोडला, तर ०.१ मिलिसेकंदानंतर कपॅसिटरवर खरोखर ०.४७५८ व्होल्ट असतात. तेवढ्याच लांबीचे एक पाऊल टाकून मागास ऑयलर या सोप्या पद्धतीने ०.४५४५ असे उत्तर येते, समलंब नियमाने ०.४७६२. मेहनत जवळजवळ सारखीच, पण चूक पन्नासाव्या हिश्शाच्या आसपास. मात्र जेथे स्विच एकदम उघडतो किंवा बंद होतो तेथे समलंब नियम कधी कधी खोटी थरथर दाखवतो. अशा वेळी गियर यांची पद्धत निवडण्याची सोय आहे.

नमुने आणि त्यांची मर्यादा

स्पाइस परिपथाला ओळखत नाही, ती नमुन्यांना ओळखते. ट्रान्झिस्टर म्हणजे तिच्या दृष्टीने काही समीकरणे आणि त्यांत भरलेले काही आकडे. द्विध्रुवी ट्रान्झिस्टरासाठी १९५४ चा एबर्स-मोल नमुना आणि १९७० चा गमेल-पून नमुना प्रसिद्ध आहेत. मॉस जातीच्या ट्रान्झिस्टरांसाठी बर्कलीतच घडलेले 'बीसिम' मालिकेतील नमुने उद्योगात प्रमाण मानले गेले. एकेका नमुन्यात शेकडो आकडे असतात आणि ते कारखान्यात प्रत्यक्ष मोजमापे घेऊन बसवलेले असतात. उत्तराच्या खरेपणाची भिस्त या आकड्यांवर आहे. पडद्यावर विभवांतर दशांश चिन्हानंतर सहा आकड्यांपर्यंत दिसते. त्या अचूकतेचा अर्थ एवढाच, की समीकरण तितक्या काटेकोरपणे सोडवले गेले. समीकरण खऱ्या घटकाला कितपत लागू पडते हा प्रश्न निराळा आहे.

विद्यार्थ्यांच्या दृष्टीने काही गोष्टी विशेष ध्यानात घेण्याजोग्या आहेत. स्पाइसमध्ये काहीही जळत नाही. १० ओहमच्या रेझिस्टरवर ५० व्होल्ट दिले तर २५० वॅट शक्ती खर्च होते. पाव वॅटचा खरा रेझिस्टर अशा वेळी क्षणात काळा पडेल, पण पडद्यावर नीटनेटका आलेख उमटतो. तारांना रोध नसतो, कारण यादीत कोणी तो लिहिलेला नसतो. काही सांगितले नसेल तर सारे घटक २७ अंश सेल्सिअसवरच असतात, मग खरे यंत्र नागपूरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या पेटीत बसवायचे का असेना. दोन ट्रान्झिस्टरांचा लुकलुकणारा परिपथ टेबलावर लगेच सुरू होतो, पण स्पाइसमध्ये कित्येकदा गप्प बसून राहतो. कागदावरचे दोन्ही ट्रान्झिस्टर तंतोतंत सारखे असतात आणि आधी कोणी चालू व्हायचे हे ठरवणारा किंचितसा भेद किंवा गोंगाट तेथे नसतो. एका कपॅसिटरला सुरुवातीचे विभवांतर देऊन त्याला धक्का द्यावा लागतो.

लेखनातील सापळेही आहेत. स्पाइसमध्ये लहान-मोठ्या लिपीचा भेद नाही, म्हणून 'एम' हे अक्षर नेहमी मिलि या अर्थाचे असते आणि मेगसाठी 'मेग' अशी तीन रोमन अक्षरे लिहावी लागतात. १ मेगओहम लिहिताना नुसते 'एम' लिहिले की दहा लाख ओहमांऐवजी एका ओहमचा हजारावा भाग धरला जातो, म्हणजे फरक शंभर कोटी पटींचा. कपॅसिटरच्या मूल्यापुढे फॅरड म्हणून 'एफ' लिहावे, तर त्याचा अर्थ फेम्टो होतो. पहिली ओळ शीर्षक मानली जाते, म्हणून तेथे लिहिलेला घटक परिपथातून मुकाट्याने गायब होतो. दोन कपॅसिटरांच्या मधला नोड इतर कशालाही जोडलेला नसेल तर त्याचा स्थिर विभव ठरवायला समीकरणच उरत नाही आणि मॅट्रिक्स सुटत नाही असा संदेश येतो. तेथून जमिनीकडे एक अतिशय मोठा रेझिस्टर जोडणे हा त्यावरचा रूढ उपाय आहे. या चुकांपैकी शेवटची सोडली तर बाकीच्यांबद्दल आज्ञावली बहुधा तक्रार करत नाही. ती उत्तर देते, आणि ते चुकीचे असते. म्हणून कागदावरचा ढोबळ हिशेब आधी करून ठेवणे हे जुन्या अभियंत्यांचे वळण टाकून देण्याजोगे नाही.

वंशावळ

मूळ लिखाण खुले असल्याने स्पाइसला अनेक फांद्या फुटल्या. एचस्पाइस ही व्यापारी आवृत्ती चिप-निर्मितीच्या उद्योगात रुजली. पीस्पाइस १९८४ मध्ये आयबीएमच्या वैयक्तिक संगणकासाठी आली आणि परिपथ-अनुकरण मोठ्या संगणकांच्या दालनातून विद्यार्थ्याच्या टेबलावर आले. लिनियर टेक्नॉलॉजी या कंपनीत माइक एंगलहार्ट यांनी लिहिलेली एलटीस्पाइस विनामूल्य मिळते, तिचे मूळ लिखाण मात्र खुले नाही. एनजीस्पाइस ही तिसऱ्या बर्कली आवृत्तीवरून वाढवलेली खुली आज्ञावली आहे आणि स्वयंसेवक ती सांभाळतात. छापील परिपथफलकांचा आराखडा करणारी किकॅड ही खुली प्रणाली ज्याँ-पिएर शारा यांनी १९९२ मध्ये सुरू केली. २०१८ च्या पाचव्या आवृत्तीपासून तीत एनजीस्पाइस अंतर्भूत आहे. त्यामुळे चित्र काढणे, वर्तन तपासणे आणि फलक तयार करणे ही तिन्ही कामे एकाच ठिकाणी होतात.

कोट्यवधी ट्रान्झिस्टर असलेला अख्खा प्रक्रियक स्पाइसमध्ये घालून चालत नाही. त्यासाठी व्हेरिलॉगसारख्या भाषांवर चालणारी तार्किक अनुकरणे असतात. पण त्या तार्किक तुकड्यांना लागणारा वेळ किती, हे मुळात स्पाइससारख्या साधनानेच मोजलेले असते.

महाराष्ट्रात

पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे आयआयटी मुंबईत, या विषयावर दोन दिशांनी काम झाले आहे. तेथील विद्युत अभियांत्रिकी विभागात 'सीक्वेल' ही स्वतंत्र अनुकरण-आज्ञावली तयार झाली. तीत वापरणाऱ्याला स्वतःचे घटक समीकरणांसह जोडता येतात. दुसरा उपक्रम 'फॉसी' या प्रकल्पाचा. शिक्षणात महागड्या परवान्यांच्या आज्ञावल्यांऐवजी खुली साधने यावीत यासाठी केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या साहाय्याने तो चालतो. त्यातून 'ईसिम' ही प्रणाली घडली. आधी तिचे नाव ऑस्कॅड असे होते. चित्र काढण्यासाठी किकॅड आणि हिशेबासाठी एनजीस्पाइस अशी तिची जोडणी आहे. पाठ्यपुस्तकांतील आणि संदर्भग्रंथांतील परिपथ ईसिमवर पुन्हा सोडवून ते सर्वांसाठी उपलब्ध करून देण्याच्या कामात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सहभागी होता येते. ईसिममध्ये माऊसने काढलेले चित्र पडद्याआड नेटलिस्टमध्येच उतरवले जाते. ती धारिका उघडून पाहिली तर पहिली ओळ शीर्षकाची आणि जमिनीचा क्रमांक शून्य, ही बर्कलीच्या कार्डांच्या काळातील रीत आजही तशीच दिसते.